जेल किंवा एक्स्टेंशन आठवड्याभरात सुटत असेल, तर ते नखाच्या कोणत्या भागातून सुटते हे आधी पाहावे

ही तक्रार बहुतेक एकाच क्रमाने येते. नखांवर एक्स्टेंशन करून किंवा जेल पॉलिश लावून चार-पाच दिवस झालेले असतात आणि केस बांधताना एखादा केस नखाच्या मुळाशी अडकतो. तेथे बोट फिरवले की बारीकशी कड हाताला लागते, दोन दिवसांनी त्या कडेखालचा भाग पांढुरका दिसू लागतो, आणि पुढच्या आठवड्यात भांडी घासताना किंवा डब्याचे झाकण उघडताना सबंध तुकडा निघून येतो. मग पार्लरमध्ये जाऊन तो पुन्हा बसवून घेतला जातो आणि पुन्हा सुटतो. या टप्प्यावर ग्राहक पार्लर बदलते आणि पार्लरवाली जेलची कंपनी बदलते. कंपनी बदलून हा प्रश्न सुटल्याची उदाहरणे थोडी आहेत, कारण बहुतेक वेळा दोष बाटलीत नसतो. तो जेल लावण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत, दिव्याखाली किंवा नंतरच्या वापरात असतो. यांपैकी नेमका कोठे, हे सुटलेले नखच सांगते.

त्याआधी या कामाची थोडी ओळख करून घेऊ. जेल पॉलिश हा नैसर्गिक नखावरचा केवळ रंगाचा थर असतो आणि त्याने नखाची लांबी वाढत नाही. एक्स्टेंशनमध्ये लांबी वाढवली जाते. त्यासाठी नखाच्या टोकाला प्लास्टिकची टिप चिकटवतात किंवा नखाखाली कागदी फॉर्म लावून त्यावर जेल, ॲक्रिलिक किंवा पॉलीजेल पसरून नवे टोक घडवतात. अलीकडे सबंध नख झाकणाऱ्या तयार सॉफ्ट जेल टिप्सही वापरतात. ॲक्रिलिक म्हणजे द्रव आणि पावडर यांचे मिश्रण, आणि ते हवेतच घट्ट होते. जेलला आणि पॉलीजेल या त्याच्या दाट प्रकाराला मात्र अतिनील प्रकाशाचा दिवा लागतो. नेल आर्ट म्हणून जे ओळखले जाते, म्हणजे खडे, फॉइल, क्रोम पावडर, स्टॅम्पिंग, हाताने काढलेली नक्षी, ते या सगळ्याच्या वर येते. त्यामुळे खालचा पाया सुटला की दोन तास खपून काढलेली नक्षीही त्याच्याबरोबर जाते.

कोणत्या बोटांवर आणि नखाच्या कोणत्या भागात

प्रथम दहाही बोटे टेबलावर पसरून उजेडात पाहावीत. दहाही नखे मुळाशी, म्हणजे क्युटिकलच्या रेषेवर उचलली गेली असतील, तर नखांची पूर्वतयारी कमी पडली असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. केवळ दोन्ही अंगठे सुटले असतील, तर संशय दिव्यावर घ्यावा, कारण चार बोटांसोबत दिव्यात ठेवलेला अंगठा आडवा पडतो आणि त्याच्या एका बाजूला पुरेसा प्रकाश पोहोचत नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्या व्यक्तीचा उजवा अंगठा आणि तर्जनी एवढेच सुटत असेल, तर तो बहुधा वापराचा परिणाम असतो. आणि दर वेळी एकाच बोटाचे नख सुटत असेल, तर त्या नखाचा आकार पाहावा. ते इतरांपेक्षा चपटे, टोकाशी खाली वाकलेले किंवा जुन्या दुखापतीने खडबडीत झालेले असू शकते आणि त्याला वेगळ्या मापाची टिप किंवा वेगळी बांधणी लागते.

यानंतर निघालेला तुकडा उलटा करून पाहावा. ही सवय फार थोड्या पार्लरमध्ये दिसते, आणि खरे तर सर्वांत जास्त माहिती येथेच मिळते. तुकड्याची आतली बाजू गुळगुळीत आणि चकचकीत असेल, तर ते जेल नखाला धड चिकटलेच नव्हते. मध्ये तेल, ओल किंवा मृत त्वचेचा पापुद्रा होता. आतल्या बाजूला नखाचे पांढरे, कोरडे पापुद्रे चिकटून आलेले असतील, तर चिकटण्यात दोष नव्हता. नखावर ताण जास्त पडला किंवा ते जोर लावून उचकटले गेले, आणि जेलबरोबर नैसर्गिक नखाचे वरचे थर सोलून निघाले. आतली बाजू बोटाला मऊ किंवा ओलसर लागत असेल, तर जेल आतपर्यंत पक्के झालेले नाही. या तीन स्थितींचे उपाय वेगळे आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू केल्यास नुकसान होते. जे नख आधीच सोलून पातळ झाले आहे, त्यावर पकड वाढावी म्हणून आणखी जोराने फाइल चालवणे ही त्यातली नेहमीची चूक.

मुळाशी सुटत असेल तर

नखाच्या मुळाशी त्वचेची जी जिवंत कड दिसते, तिच्याखालून निघालेला मृत त्वचेचा पारदर्शक पापुद्रा नखावर पुढे सरकत येतो. तो नखासारखाच दिसतो, त्यामुळे वरवर पाहता नख स्वच्छ वाटते. जेल या पापुद्र्यावर लागले, तर ते पापुद्र्याला चिकटते, नखाला नव्हे, आणि तीन-चार दिवसांत दोन्ही बरोबर उठतात. म्हणून कड हलक्या हाताने मागे सरकवून नखावरचा पापुद्रा पुशरने (कड मागे ढकलण्याच्या चपट्या हत्याराने) किंवा नखांच्या मशीनच्या बारीक बिटने खरवडून काढणे हे पूर्वतयारीचे पहिले आणि सर्वांत वेळखाऊ काम आहे. जिवंत कड मात्र कापू नये. ती जंतूंना अडवणारी सीमा असते आणि ती कापल्यावर नखुरडे होण्याचा धोका वाढतो.

दुसरे कारण पाण्याचे आहे, आणि आपल्याकडच्या पार्लरच्या पद्धतीशी त्याचा थेट संबंध आहे. मॅनिक्युअर आणि एक्स्टेंशन एकाच बैठकीत करून घेण्याची पद्धत सर्रास दिसते. आधी कोमट साबणाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायचे, मग क्रीमने मालिश करायची आणि लगेच नखांवर जेल लावायचे. नख हे केरॅटिनच्या थरांचे बनलेले असते आणि ते पाणी चांगलेच शोषून घेते. पाणी शोषलेले नख किंचित फुगते आणि पसरते. नंतर ते सुकून आपल्या मूळ आकारावर येते, पण त्यावर घट्ट झालेले जेल तसेच राहते, आणि ओल आलेल्या भिंतीवरचा रंग जसा सुटतो तसे ते कडेने सुटू लागते. एक्स्टेंशनच्या दिवशी हात पाण्यात बुडवू नयेत आणि क्युटिकलचे काम कोरडेच करावे. मॅनिक्युअर हवेच असेल, तर ते आदल्या दिवशी करावे.

तिसरे कारण तेल. डोक्याला तेल लावून आलेल्या ग्राहकाचा हात कामाच्या मध्येच नकळत केसांकडे जातो. सनस्क्रीन, हँडक्रीम, गालाला लावलेला फोन, हे सगळे तयार केलेल्या नखावर पुन्हा स्निग्धता आणतात. नख साफ झाल्यावर पार्लरवालीने स्वतःचे बोटही त्यावर टेकवू नये. पुसण्यासाठी कापूस वापरला, तर त्याचे तंतू नखावर राहतात आणि त्या तंतूंच्या वाटेने पुढे ओल आत शिरते, म्हणून तंतू न सोडणारे वाइप्स वापरावेत.

पूर्वतयारीचा क्रम असा ठेवावा. पापुद्रा काढल्यावर 180 किंवा 240 ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे फाइलच्या खरखरीतपणाचा आकडा) फाइलने नखाची चमक तेवढी घालवावी; जाडी कमी करणे हा त्यामागचा हेतू नव्हे. कोपऱ्यांत आणि कडांच्या खाचांत फाइल पोहोचली आहे ना, हे हात तिरपा करून पाहावे, कारण चमक राहून जाते ती तेथेच. धूळ झाडून डिहायड्रेटर, म्हणजे नखावरची ओल आणि तेल घालवणारा द्रव लावावा, त्यानंतर पकड वाढवणारा प्रायमर अगदी थोडा लावावा आणि लगेच बेस कोट, म्हणजे जेलचा पहिला थर सुरू करावा. डिहायड्रेटरचा परिणाम तात्पुरता असतो. दहाही नखांना तो लावून मग फोन घ्यायला उठणे म्हणजे ते काम वाया घालवणे होय. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई, ठाणे, रत्नागिरी किंवा पणजी येथे हवेत जी आर्द्रता असते, तिच्यात तर एका वेळी एकाच हाताची तयारी करावी आणि खोलीत एसी असल्यास तो आधीपासून चालू ठेवावा. तळहाताला घाम येणाऱ्यांच्या बाबतीत एकेक बोट घेऊन काम करणे संथ असले, तरी शेवटी तेच स्वस्त पडते.

आणि एक बारीक गोष्ट. जेल त्वचेवर ओघळू देऊ नये. क्युटिकल आणि जेल यांमध्ये केसाएवढी रेषा मोकळी राहिली पाहिजे. त्वचेला चिकटलेले जेल बोट हलताच त्वचेबरोबर ओढले जाते आणि पहिली फट तेथे पडते. काम नवे दिसावे म्हणून जेल अगदी त्वचेपर्यंत भिडवण्याची हौस बऱ्याच जणींना असते. ते पहिल्या दिवशी सुंदर दिसते आणि पाचव्या दिवशी सुटते.

कडांनी किंवा टोकाशी सुटत असेल तर

दोन्ही बाजूंच्या कडांनी सुटणाऱ्या टिपचे माप बहुधा अरुंद असते. टिप नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न दाबता बसली पाहिजे. ती दाबून बसवावी लागत असेल, तर मोठे माप घेऊन कडा घासून घ्याव्यात, कारण दाबून बसवलेली टिप पुन्हा आपल्या आकारात येऊ पाहते. टिपखाली हवेचा बुडबुडा दिसला, तर ती तेव्हाच काढावी. तो बुडबुडा नंतर जिरत नाही. पुढे त्याच पोकळीत पाणी साचते.

टोकाशी टवका उडत असेल, तर टोकाच्या जाडीवरून ब्रश फिरवून ते बंद केले होते का, हे विचारावे. मध्येच तडा जात असेल, तर बांधणी तपासावी. बाजूने पाहिल्यावर एक्स्टेंशनला एक उंचवटा दिसला पाहिजे, आणि नैसर्गिक नख जेथे बोटापासून मोकळे होते त्या ताणाच्या जागेला त्याचा आधार मिळाला पाहिजे. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते. त्याच्याबरोबर हा उंचवटा पुढे सरकतो, ताणाची जागा उघडी पडते आणि लांब टोक तरफेसारखे मागच्या भागाला उचलते. दोन ते तीन आठवड्यांनी रिफिल, म्हणजे मुळाशी वाढलेल्या जागेत नवा भर, करायला सांगतात, त्यामागचे कारण हे आहे. पाचव्या आठवड्यात सुटलेल्या नखाबद्दल तक्रार करणे मला तरी रास्त वाटत नाही. घरकाम स्वतः करणाऱ्या व्यक्तीने बोटापुढे आलेला भाग फार लांब ठेवू नये, एवढेच सांगता येईल. लांबीची आवड आणि कणीक मळणे यांची सांगड अवघड आहे.

गौरी-गणपतीच्या आधी नखे करून घेणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. मोदकाची गरम उकड तेल-पाण्याचा हात लावून मळायची, पारी करताना आणि कळ्या पाडताना बोटांच्या टोकांवर जोर द्यायचा, म्हणजे उष्णता, ओल, तेल आणि ताण हे चारही एकाच वेळी नखावर येतात. ज्यांना मोदक स्वतः करायचे आहेत, त्यांनी त्या आठवड्यात एक्स्टेंशनऐवजी आपल्याच आखूड नखांवर जेल पॉलिश करून घ्यावी. भांडी घासताना रबरी हातमोजे घालावेत, लसूण-मटार सोलताना नखाऐवजी बोटाचे पेर किंवा सुरी वापरावी, आणि स्टिकर खरवडायला नख कधीही वापरू नये.

दिवा आणि पक्के न झालेले जेल

वरून कडक लागणे म्हणजे आतपर्यंत पक्के होणे नव्हे. जेलमधील प्रकाशसंवेदी घटक ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशानेच जागे होतात, आणि हल्लीचे एलईडी दिवे साधारणपणे 365 व 405 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतात. एका कंपनीचे जेल आणि बाजारातून स्वस्तात घेतलेला वेगळाच दिवा यांचा मेळ बसेलच असे नाही. जुने ट्यूबचे दिवे चालू दिसतात, पण त्यांचा प्रकाश वापराबरोबर क्षीण होत जातो, त्यामुळे ट्यूब वेळोवेळी बदलाव्या लागतात. काळा, पांढरा आणि गडद निऑन हे रंग प्रकाश अडवतात. त्यांचा जाड थर दिला, की पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात आणि खालचा भाग ओला राहतो. दोन किंवा तीन पातळ थर द्यावेत, प्रत्येकाला पूर्ण वेळ द्यावा आणि अंगठे नेहमी वेगळे, सरळ ठेवून दिव्यात घालावेत.

दिव्यात हात घातल्यावर चटका बसतो, अशी तक्रारही याच प्रश्नाशी जोडलेली आहे. जेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. थर जाड असेल किंवा नख फाइलने पातळ झालेले असेल, तर ती जास्त जाणवते. ग्राहक हात झटकन बाहेर काढते, जेल अर्धवट राहते आणि पुढे तेच नख सुटते. अशा वेळी थर पातळ करावा आणि दिव्याला कमी उष्णतेचा मोड असल्यास तो वापरावा. सहन करा, असे सांगणे चूक आहे.

ॲक्रिलिकला दिवा लागत नाही, पण त्याला प्रमाणाचे भान लागते. ब्रशवरचा गोळा फार ओला असेल, तर तो त्वचेकडे वाहतो. कोरडा असेल, तर नखाला धरत नाही आणि भुसभुशीत होतो. गारठलेल्या खोलीत ते नीट घट्ट होत नाही आणि उन्हाळ्यात पसरण्याआधीच आवळते. ही नखे दातांच्या कामातील ॲक्रिलिकपासून निघाली आणि सुरुवातीच्या काळात त्यांत मिथाइल मेथाक्रिलेट वापरत. त्यामुळे झालेल्या इजांच्या तक्रारींनंतर 1970 च्या दशकात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोर्टाच्या मार्गाने शंभर टक्के मिथाइल मेथाक्रिलेट असलेली उत्पादने बाजारातून हटवली, आणि चांगल्या उत्पादनांत त्याची जागा इथाइल मेथाक्रिलेटने घेतली. लेबल नसलेल्या बाटलीतले, डोके दुखेल इतक्या उग्र वासाचे द्रव आणि ॲसिटोनमध्ये बराच वेळ ठेवूनही न सुटणारे नख, या दोन खुणा एकत्र दिसल्या तर तेथे पुन्हा जाऊ नये.

वरची सजावट टिकत नसेल तर

खडे पडतात, कारण ते टॉप कोटवर, म्हणजे सर्वांत वरच्या थरावर नुसते टेकवलेले असतात. त्यांच्यासाठी दाट जेल वापरावे आणि खड्याच्या भोवती ते भरावे, खड्यावरून नव्हे, अन्यथा चमक जाते. ज्या खड्यांच्या पाठीला चंदेरी मुलामा असतो, त्यांच्याखाली सरळ प्रकाश पोहोचत नाही. म्हणून हात वेगवेगळ्या कोनांतून दिव्यात धरावा. क्रोम पावडर कडेने निघते, ती टोकावर आणि मुळाशी पावडरचे कण राहिल्यामुळे. वाइपने त्या कडा पुसून मगच शेवटचा थर द्यावा आणि टोक बंद करावे. स्टिकर जाड असेल, तर त्याची कड बोटाला जाणवेनाशी होईपर्यंत वर जेल द्यावे लागते.

फिकट गुलाबी किंवा पांढऱ्या नखांवर पडणारा हळदीचा पिवळा डाग हे आपल्याकडचे खास दुखणे आहे. हळदीतील कर्क्युमिन टॉप कोटमध्ये मुरते, पण ते उजेडात विरत जाते, त्यामुळे हलका डाग उन्हाने बराच कमी होतो. गडद डागासाठी वरचा थर हलका फाइल करून नवा टॉप कोट द्यावा. लग्नघरात नखे मेंदीच्या आधी करून घ्यावीत. मेंदीनंतर हातांना तेल लावलेले असते आणि पाणी टाळायचे असते, त्यामुळे नखांची तयारी नीट होत नाही. हळदीच्या कार्यक्रमानंतर केवळ टॉप कोट बदलून घेतला, की काम भागते.

सुटलेले नख पुन्हा चिकटवू नये

उचललेल्या कडेखाली झटपट चिकटणारा गोंद सोडणे ही सर्वांत जास्त केली जाणारी आणि सर्वांत वाईट दुरुस्ती आहे. त्या फटीत आधीच पाणी शिरलेले असते, आणि वरून बंद केल्यावर स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूंना हवी तशी दमट जागा मिळते. त्यांच्या रंगद्रव्याने नखावर हिरवा डाग पडतो, आणि लोक त्याला बुरशी समजून बुरशीचे औषध लावतात. अशा वेळी वरचे सगळे काढावे, नख उघडे आणि कोरडे ठेवावे आणि त्यावर पुन्हा जेल लावू नये. डाग नखाबरोबर वाढून पुढे जातो. दुखत असेल, सूज किंवा पू असेल, किंवा नख बोटापासून सुटून पांढरा भाग आत सरकत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

हिरवटपणा नसेल आणि फट लहान असेल, तर सुटलेला भाग फाइलने घट्ट भागापर्यंत पूर्ण घासून काढावा, तेवढ्या जागेची पुन्हा कोरडी तयारी करावी आणि तेथे नवे जेल भरावे. एक तृतीयांशापेक्षा जास्त नख सुटले असेल, तर मी भरण्याच्या भानगडीत पडत नाही, सगळे काढते. काढताना वरचा टॉप कोट घासून, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळावे आणि 15 ते 20 मिनिटे थांबावे. जेल आपण होऊन उठते तेवढेच ढकलावे. हार्ड जेल ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, ते फाइलनेच उतरवावे लागते. ॲसिटोन लवकर पेट घेतो, त्यामुळे हे काम गॅस किंवा समईजवळ करू नये.

नखांभोवती खाज, लाली, बारीक फोड किंवा बोटांची टोके सोलवटणे सुरू झाले, तर ते सुटण्यापेक्षा गंभीर आहे. जेलमधील हेमा (HEMA) हे रसायन आणि तत्सम ॲक्रिलेट पक्के न झालेल्या स्थितीत वारंवार त्वचेला लागल्यास ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की सहसा जात नाही. पुढे दातांच्या किंवा हाडांच्या उपचारांतील अशाच पदार्थांनीही त्रास होऊ शकतो. युरोपीय संघाने हेमा असलेली नखांची उत्पादने केवळ व्यावसायिकांच्या वापरापुरती मर्यादित केली आहेत आणि टीपीओ या प्रकाशसंवेदी घटकावर 1 सप्टेंबर 2025 पासून बंदी आणली आहे. घरी संच मागवून प्रयोग करणाऱ्यांनी त्वचेवर ओघळलेले जेल दिव्यात हात घालण्यापूर्वीच पुसावे. खाज सुरू झाल्यास नुसती कंपनी बदलून पाहू नये. जेल पूर्ण बंद करून पॅच टेस्टसाठी, म्हणजे त्वचेवरच्या ॲलर्जी तपासणीसाठी, त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि वापरलेल्या बाटल्यांवरच्या लेबलांचे फोटो सोबत न्यावेत.